चढलात खरे, उतरणार कसे?

थंडी पडली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला: कलावंतीण, हरिहर, गोरखगड, चंदेरी असे उघड्या कड्यांचे किल्ले आणि सुळके. दोर नाही, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उघडी दरी. जावे की नाही? या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली अशी पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. पाम बीच रोडला नियमित धावतो, दहा किलोमीटरला ५२ मिनिटे लागतात. कळसूबाई, राजमाची, पेब झाले. डिसेंबरात कलावंतीण आणि जमलेच तर चंदेरीचा माथा, दोन्ही दोर न लावता करायचे आहेत. आपण तयार आहोत की नाही हे आधी कसे ओळखायचे? (कोपरखैरणे)

उत्तर : तुमच्याकडे दम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण दमाचा उपयोग कातळाच्या पायथ्यापर्यंत. पुढे पेपर वेगळ्या विषयाचा असतो.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांना धरायला कठडा आहे. तिथे पाय चुकला तर नडगी सोलवटते. कलावंतिणीच्या कोरीव पायऱ्या चढायला त्याहून फार कठीण नाहीत, पण बाजूला कठडा नाही. म्हणजे वाट किती अवघड हा एक प्रश्न आणि चुकले तर काय होईल हा दुसरा. ट्रेकच्या जाहिरातीत ‘सोपा’, ‘मध्यम’ असे लिहिलेले असते ते पहिल्याचे उत्तर असते, दुसऱ्याचे नव्हे. वीस फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या थोड्या वर खाली पोहोचतो, तोही ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने. कलावंतिणीच्या माथ्याचा शेवटचा कातळटप्पा साधारण तेवढाच आहे आणि त्याच्या खाली अंगण नाही.

घरी एक गोष्ट तपासता येते. जिन्याच्या दोन पायऱ्यांइतक्या उंचीच्या, म्हणजे साधारण १४ इंचांच्या भक्कम खोक्यावर एका पायाने उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच मनात पाच अंक मोजत खाली न्या, जमिनीला नुसती टेकवा, वजन न टाकता परत वर या. असे दहा वेळा, मग पाय बदला. गुडघा आतल्या बाजूला वळत असेल किंवा शेवटचे दोन इंच धप्पकन खाली येत असाल, तर अजून सहा ते आठ आठवडे हाच व्यायाम करा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत वजन पेलतो. सपाटीवर धावून ती ताकद पुरेशी येत नाही, म्हणून चांगल्या धावपटूंचेही पाय उतारावर लटलटतात.

यानंतर खरा दगड. बेलापूरच्या टेकडीत आणि मुंब्र्याच्या कड्यापाशी प्रस्तरारोहक अनेक वर्षांपासून सराव करतात. तिथे माहीतगार माणसासोबत जा आणि असा धोंडा निवडा, ज्यावर तुमचे पाऊल जमिनीपासून चार-पाच फुटांच्या वर जाणार नाही आणि खाली सपाट माती असेल. वर जा. मग त्याच पकडींवरून, त्याच पावठ्यांवरून (पाय टेकायच्या खाचांवरून), कातळाकडे तोंड ठेवून खाली या. पाच वेळा. त्यानंतर पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन पाच वेळा. उडी मारून उतरलात, घसरत आलात किंवा मित्राचा खांदा लागला, तर ती फेरी बाद.

बहुतेक जण इथेच अडकतात, कारण चढताना पकड डोळ्यांसमोर असते आणि उतरताना पावठी पोटाखाली लपते. ती दिसावी म्हणून कंबर कातळापासून वीतभर लांब न्यावी लागते. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. कातळाला पोट चिकटवतो, मग पाऊल दिसत नाही आणि बुटाचे टोकही बाहेर सरकू लागते, कारण वजन पावठीवर सरळ खाली न पडता तिरके पडते. उतरताना क्रम असा ठेवा: आधी हात छातीच्या पातळीवरच्या पकडीवर आणा, मग एक पाय खाली न्या, तो टेकला की त्यावर हळूहळू वजन द्या, मग दुसरा पाय. हात डोक्यावर राहिले की शरीर ताणले जाते आणि पाय पोचत नाही. चारपैकी तीन टेकू कायम पक्के, एका वेळी एकच हलवायचा, हे सगळ्यांना पाठ असते. उतरताना ते पहिल्या दोन मिनिटांत विसरले जाते.

तिसरी तपासणी डोक्याची. दृष्टिभय, म्हणजे खालची दरी पाहून वाटणारी भीती, हे चांगल्या वाईट माणसांचे लक्षण नाही, सरावाने ते पुष्कळ कमी होते. फक्त तो सराव जिथे चूक महागात पडेल अशा जागी करायचा नसतो. पहिली उघडी जागा दोराला बांधून करा. जाणकारांच्या देखरेखीत, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) घालून, वरून दोर लावलेला असताना एखादा कातळटप्पा चढा आणि मधल्या सोयीच्या पावठीवर दोन मिनिटे उभे राहा. खाली पाहा. मग सतराचा पाढा म्हणा. (मुळात तो येत नसेल तर तेराचा चालेल.) भीतीने डोके व्यापले की पाढा तुटतो, आणि पाढा तुटतो त्या डोक्याला पुढची पावठी शोधताही येत नाही. आणखी खुणा आहेत: पूर्ण वाक्य बोलता न येणे, मूठ इतकी आवळणे की कोपरापर्यंत हात भरून येणे, टाच वर उचलली जाऊन पोटरी थरथरणे. थरथर लागली की टाच मुद्दाम खाली सोडा, ती थांबते. दोर असतानाही यातले काही होत असेल, तर दोराशिवाय जायची वेळ आलेली नाही.

चौथी तपासणी थकल्यावरची. सकाळी ताज्या अंगाने पाच फेऱ्या कोणीही करेल. पाच-सहा तासांचा ट्रेक उरकून, पाणी संपत आलेले असताना संध्याकाळी तोच धोंडा पुन्हा उतरून पाहा. प्रत्यक्ष डोंगरावर उघडा टप्पा अशाच अंगाने उतरायचा असतो.

हे सगळे जमले तर कलावंतीण करायला हरकत नाही, कोरड्या दिवशी आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. तिथेही प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक गोष्ट करा: तीन हालचाली वर जा आणि तीन खाली या. खाली येताना चाचपडलात तर तिथूनच परत. माथा पंधरा फुटांवर दिसत असला तरी.

चंदेरीबद्दल मात्र आमचे उत्तर ‘दोराशिवाय नको’ असे आहे, तुम्ही वरच्या सगळ्या तपासण्या पार केल्या तरीही. कारण दगडात आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. काळा टणक थर कडा होऊन उभा राहतो आणि दोन टणक थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबूस, भुसभुशीत थर असतो. तो झिजला की कड्याला अरुंद आडवी पट्टी तयार होते आणि आपली ट्रॅव्हर्सची, म्हणजे कड्याच्या कडेने आडवी जाणारी, वाट बहुधा तिच्यावरूनच जाते. त्या पट्टीवर मुरूम गोट्यांसारखा पसरलेला असतो. चंदेरीच्या गुहेपासून माथ्याकडे जाताना हा घसारा आणि दरी दोन्ही एकत्र येतात. घसाऱ्यावर तीन टेकूंचा नियम लंगडा पडतो, कारण टेकू द्यायला पक्के काही नसतेच.

मग हात आपोआप गवताकडे आणि कारवीकडे जातो. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळते. वाळलेले खोड महिनोन्‌महिने उभे असते, जाडही दिसते, पण मुळाशी कुजलेले. वजन टाकले की अख्खे हातात येते. हिरव्या कारवीचा बुंधा अगदी जमिनीलगत धरला तर तोल सावरण्यापुरता चालतो, अंग झोकून देण्यासाठी नाही. दगडी पकडीलाही आधी तळहाताने थापटी मारा. भरीव दगडाचा आवाज बंद, टणक येतो. सुटलेला दगड पोकळ बोलतो किंवा किंचित हलतो. शंका असेल तर तो खालच्या दिशेने दाबून वापरा, बाहेर ओढू नका. भोवताली गोल चीर दिसली तर हातच लावू नका.

प्रश्न : परदेशी व्हिडिओंत ‘क्लास थ्री’, ‘क्लास फोर’ असे म्हणतात. आपल्या किल्ल्यांना ते कसे लावायचे? (घणसोली)

उत्तर : ही अमेरिकेतली योसेमिटी पद्धत. पहिला वर्ग साधी पायवाट, दुसरा खडकाळ वाट जिथे कधीमधी हात टेकतो. तिसऱ्यात चढायला हात लागतातच, पण सरावाचा माणूस दोर घेत नाही. चौथ्यात चढाई सोपीच असते, मात्र पडल्यास जीव जाऊ शकतो, म्हणून पुष्कळ जण दोर लावतात. पाचव्यापासून रीतसर प्रस्तरारोहण. आपल्या कोरीव पायऱ्या या चौकटीत नीट बसत नाहीत, कारण पायरी पहिल्या वर्गाइतकी सोपी आणि बाजूची दरी चौथ्या वर्गाची. आकडा लावायचाच असेल तर दोन लावा, एक चढाईचा आणि एक पडण्याचा. निर्णय दुसऱ्यावरून घ्या.

प्रश्न : वय ५४. रक्तदाबाची गोळी चालू आहे, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. येऊरला दर रविवारी चालते. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप हरिहरला जाणार आहे. वयामुळे नाही म्हणू का? (ठाणे, वर्तकनगर)

उत्तर : वयामुळे नाही म्हणायचे कारण नाही. चष्म्यामुळे मात्र थांबून विचार करा, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल भिंगाचा खालचा भाग हातातले पुस्तक वाचायला, साधारण दीड फुटासाठी बनवलेला असतो. उतरताना आपण त्याच भागातून पावलाकडे पाहतो आणि पाऊल असते साडेचार-पाच फुटांवर. पायरीची कड धूसर दिसते, खोलीचा अंदाज चुकतो. घरच्या जिन्यावर मेंदूला सवय झालेली असते म्हणून निभते. डोंगरासाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या, मागे दोरी लावा आणि दोन-तीन रविवार येऊरला तोच घालून चाला.

गोळीबद्दल: रक्तदाबाच्या काही औषधांनी बसलेले उठताना किंवा वाकून सरळ होताना क्षणभर अंधारी येते. हरिहरवर दर पायरीला वाकणे आणि सरळ होणे आहे. डॉक्टरांना नेमके हेच सांगून विचारा. गोळी मनाने बंद करू नका. गेल्या काही महिन्यांत अंथरुणात कूस बदलताना खोली फिरल्यासारखी झाली असेल, तर तो कानाच्या आतला त्रास असू शकतो. तो बरा होईपर्यंत उघड्या जागा वर्ज्य. ग्रुपमध्ये कोणाला मधुमेहाचे इन्सुलिन असेल तर उभ्या पायऱ्यांच्या पायथ्याशी साखर तपासून, काहीतरी खाऊनच वर जावे. साखर उतरल्यावर हात कापतात आणि माणसाला वाटते आपण घाबरलो आहोत.

हरिहरच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत आणि हाताला धरायला कडेने खोबण्या कोरलेल्या आहेत, ही मोठी सोय. पहिला टप्पा संपला की दरवाजा लागतो, मग कातळाच्या पोटातून आडवी वाट, आणि पुन्हा उभ्या पायऱ्या. अनेक जण दरवाजापाशी ‘झाले’ म्हणून सैल होतात. परत येताना या पायऱ्या तोंड कातळाकडे करून, शिडीवरून उतरतो तसे उतरायच्या. दरीकडे तोंड करून बसत बसत येऊ नये, कारण पाठीवरची सॅक वरच्या पायरीला अडकून पुढे ढकलते.

खरी अडचण गर्दीची. वाट एका माणसापुरती आहे. शनिवार-रविवारी चढणारे आणि उतरणारे मध्येच समोरासमोर येतात आणि कोणाला तरी खोबणीतला हात सोडावा लागतो. तुमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणींना सुट्टी लागत नसेल तर मंगळवार-बुधवार धरा. रविवारीच जायचे असेल तर पहाटे निरगुडपाड्यात पोहोचा आणि वरची तुकडी पूर्ण खाली येईपर्यंत पायऱ्यांना हात लावू नका. थांबतानाही पायऱ्यांच्या सरळ रेषेत खाली उभे राहू नका. वरून पाण्याची बाटली, मोबाइल, दगड, काहीही येते.

प्रश्न : आम्ही सहा मित्र. सोबत हार्डवेअरच्या दुकानातली ५० फूट जाड दोरी नेतो. अवघड जागी वरचे दोघे ती धरतात, खालचा कमरेला बांधून चढतो. एवढे पुरे का? (कळवा)

उत्तर : पुरे नाही, उलट यामुळे एकाऐवजी तिघे जाण्याची शक्यता तयार होते. सत्तर किलोचा माणूस चार-पाच फूट जरी सुटला तरी दोरीला बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. हातात धरलेली दोरी एकतर तळवे सोलून निघून जाते, किंवा धरणारे कड्याकडे ओढले जातात. वरचा माणूस स्वतः पक्क्या आधाराला बांधलेला नसेल तर त्याने दोर धरू नये.

दुकानातली पिवळी-निळी दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. सामान बांधायला ठीक. ती उन्हाने ठिसूळ होते, घर्षणाने वितळते आणि झटका शोषण्यासाठी हवा तसा ताण देत नाही. चढाईचा डायनॅमिक दोर साडेनऊ-दहा मिलिमीटर जाडीचा असतो, आत गाभा आणि वर विणलेले कवच. पडणारा माणूस अडताना तो लांबतो आणि झटका मऊ करतो. स्टॅटिक दोर फारसा लांबत नाही, तो रॅपलिंगसाठी (दोरावरून खाली उतरण्यासाठी) आणि बचावकामासाठी.

कमरेला बांधण्याबद्दल विशेष इशारा. कमरेच्या एका वेढ्यावर लोंबकळलेला माणूस काही मिनिटांतच श्वासासाठी तडफडू लागतो, कारण वेढा बरगड्यांखाली सरकतो. त्यासाठीच हार्नेस असतो, जो वजन मांड्यांवर घेतो.

किल्ल्यांवर जागोजागी आधीच बसवलेल्या तारा, साखळ्या, जुने बोल्ट दिसतात. ढाक बहिरीच्या गुहेकडे जाताना दोर आणि लाकडी ओंडक्याचा आधार घ्यावा लागतो. मलंगगडावर बालेकिल्ल्याकडे जाताना तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी पाईप आहे. अशा गोष्टी कोणी, कधी लावल्या, आत किती गंज आहे, हे पाहून समजत नाही. तोल सावरायला हात लावा, अंगाचे वजन त्यांवर सोपवू नका. या दोन जागा आम्ही दोराच्याच यादीत धरतो.

सहाही जणांनी आधी एखाद्या गिर्यारोहण संस्थेत दोन दिवसांचे प्रस्तरारोहण शिबिर करावे आणि दोर त्यानंतर विकत घ्यावा. तोपर्यंत नियम साधा ठेवा: ज्या जागी दोरी काढावीशी वाटली, ती जागा तुमच्यासाठी परत फिरण्याची.

प्रश्न : गोरखगडावर गुहेच्या वरच्या पायऱ्या उतरताना मैत्रीण मध्येच थिजली. पुढे नाही, मागे नाही. आम्ही हात धरून ओढत खाली आणले. बरोबर केले का? (ऐरोली)

उत्तर : सुखरूप आलात हे चांगले, पण पुढच्या वेळी हात धरू नका. ओढला गेलेला हात म्हणजे तिचा एक टेकू कमी आणि तुमचाही एक कमी. शिवाय ती सुटली तर एका हाताने कोणी कोणाला पेलत नाही.

आधी तिला आहे तिथे पक्के करा. दोन्ही पाय पायरीवर पूर्ण टेकलेले, टाचा खाली, हात खोबणीत. ‘घाबरू नकोस’, ‘अगं सोपं आहे’ ही वाक्ये बंद, त्यांचा उपयोग होत नाही. एकाच माणसाने बोलायचे, बाकीच्यांनी गप्प. लांब श्वास सोडायला सांगा. घेणे आपोआप होते, अडकते ते सोडणे. एक-दोन मिनिटांनी आवळलेली मूठ आळीपाळीने सैल करून झटकायला लावा. बाटलीतले घोटभर पाणी मिळाले तर उत्तम.

मग ज्याचे स्वतःचे डोके शांत आहे अशा एकाने तिच्या एक पायरी खाली, शक्य असेल तर किंचित बाजूला, स्वतःचा एक हात खोबणीत पक्का ठेवून उभे राहावे. त्याने तिला धरायचे नाही. मोकळ्या हाताने फक्त तिच्या घोट्याला मार्ग दाखवायचा: पाऊल उचलले की बुटाची टाच पकडून पावठीवर नेऊन ठेवायची आणि ‘टेकला, वजन दे’ एवढेच म्हणायचे. एक पाय, एक वाक्य. तिची सॅक आधीच काढून घेतली असेल तर काम अर्ध्यावर येते. यालाही ती तयार नसेल तर तिला तिथे बसवा, एकाने सोबत थांबा आणि ११२ ला फोन करून देहरी गावातून दोर असलेली मदत मागवा. कमीपणा वाटून उशीर करू नका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि अंधारात हेच काम दुप्पट अवघड होते.

वर जाताना तिची काही लक्षणे दिसली होती का, हे मात्र एकदा आठवून पाहा. अशी माणसे चढताना एकदम गप्प होतात, किंवा फार हसतात.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा एका ग्रुपबरोबर कलावंतिणीला ‘नाइट ट्रेक’ला जायचे म्हणतो. फी भरून झाली आहे. आईने काय विचारावे? (वाशी)

उत्तर : रात्रीबद्दलच आधी. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीपर्यंत रात्री चढायला हरकत नाही, वाट मळलेली आहे, टॉर्च पुरतो. पण कातळातल्या पायऱ्या अंधारात चढण्यात एक फसगत आहे. टॉर्चच्या गोल उजेडात फक्त पुढची पायरी दिसते, दरी दिसत नाही, त्यामुळे एरवी खालूनच परतली असती ती मुलेही बिनधास्त वर जातात. सूर्योदय होतो, सगळे फोटो काढतात आणि मग आपण कुठे उभे आहोत ते पहिल्यांदा दिसते. आता उतरायचे, पूर्ण उजेडात, जागरण झालेल्या अंगाने. म्हणून आयोजकांना पहिला प्रश्न हा: पायऱ्या उजाडल्यावर चढणार का? उत्तर ‘सूर्योदय माथ्यावर’ असे असेल तर मुलाला माचीवर थांबायला सांगा.

पुढे विचारा: किती मुले आणि किती लीडर? उघड्या टप्प्यावर पाच-सहा जणांमागे एक जाणता माणूस असावा असे आमचे मत आहे. चाळीस जणांत दोन म्हणजे गणती करणारे, सांभाळणारे नव्हेत. शेवटच्या कातळटप्प्याला दोर, हार्नेस, हेल्मेट लावणार का, आणि ‘हो’ म्हटले तर हेल्मेट किती नेता? आकडा लगेच सांगता आला नाही तर सामान नाही असे समजावे. लीडरने गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, प्रथमोपचार प्रशिक्षण कुठे घेतले? उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचे नाव आले तर चांगलेच, पण तो लीडर स्वतः त्या दिवशी येणार आहे ना, हेही विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी दाखवा म्हणण्यात संकोच नको. आणि कोणी अर्ध्यातून थांबले तर त्याच्याजवळ कोण थांबते?

मुलाला एकच सांगा: परत फिरल्यास फी बुडाली तरी घरी कोणी बोलणार नाही. या वयाची मुले दरीपेक्षा मित्रांना जास्त घाबरतात.

प्रश्न : हातमोजे, बूट, काठी? (ठाणे, घोडबंदर रोड)

उत्तर : कातळावर हातमोजे नकोत, पकड कळत नाही. काठ्या पायथ्याशी घडी करून सॅकच्या आत ठेवा. हातात अडकतात आणि सॅकबाहेर लोंबत असतील तर दगडाला. बुटाचा तळ मऊ रबराचा, पुढचा भाग वाकवला तर थोडा विरोध करणारा हवा. फार जाड तळाच्या बुटाला पावठी जाणवत नाही. तळाच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर बूट बाजारहाटासाठी वापरा. नाड्या दुहेरी गाठीच्या. सॅक अंगालगत, उंच नको, पट्टे लोंबकळते नकोत. सेल्फी स्टिक घरी. अत्तर, डिओ अजिबात लावू नका. कड्यांवर आग्या मोहोळ असते, उग्र वासाने, धुराने आणि आरडाओरड्याने ते उठते. सपाटीवर पळता तरी येते, पायऱ्यांवर दोन्ही हात गुंतलेले असतात.

प्रश्न : पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी कातळ सुरक्षित समजावा? (खारघर)

उत्तर : दिवस मोजून चालत नाही, कारण एकाच किल्ल्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वाळतात. उन्हात असलेला उघडा काळा कातळ एका कडक उन्हाच्या दिवसात कोरडा होतो. उत्तरेकडचा, सावलीतला, वर झाडी असलेला कातळ आठवडाभर पाझरत राहतो. पावसाळ्यात आमच्या मते उघडे टप्पे नकोतच; कित्येक ठिकाणी तेव्हा प्रशासनाचा मनाई हुकूमही असतो, तो निघण्याआधी पाहून घ्या.

फसवे महिने दोन. जूनचा पहिला पाऊस, कारण वर्षभराची धूळ आणि पाणी मिळून पायऱ्यांवर साबणासारखा पातळ थर होतो. आणि ऑक्टोबर: पाऊस गेलेला, आकाश निळे, शेवाळ वाळून काळ्या खपल्यांसारखे झालेले. दुपारी त्यावर बूट छान धरतो. पहाटेच्या दवाने तेच पुन्हा बुळबुळीत होते, आणि आपण तर पहाटेच चढायला निघतो. मार्चनंतर उलट त्रास. दुपारी कातळ तापतो, तळहाताला घाम सुटतो, म्हणून अकराच्या आत उघडा टप्पा उतरून झालेला बरा.

तपासायची रीत अशी. पहिल्या उघड्या पायरीपाशी खिशातला कागदी रुमाल सपाट दाबून धरा आणि दहा अंक मोजा. रुमाल ओला झाला तर थांबा. कोरडा राहिला पण हिरवट-काळी पूड लागली, तर तिथे शेवाळ आहे. बुटाचे टोक त्यावर घासून पाहा, सरकले तर ऊन येईपर्यंत खाली चहा घ्या. रुमाल कोरडा आणि स्वच्छ निघाला तरी हीच तपासणी सावलीतल्या पायरीवर पुन्हा करा, कारण दुपारी परत येताना सावली दुसऱ्या बाजूला गेलेली असते, आणि सकाळी कोरड्या वाटलेल्या पायरीवर तोवर वरच्या झाडीतले पाणी उतरलेले असू शकते.